डावीकडून येणारा उजेड

सिंगापूरहून परत आल्यावर सोसायटीतल्या लोकांनी विचारलं, काय काय पाहिलंत. तो मोठा पाळणा पाहिला का, बागेतली दिव्यांची झाडं पाहिली का, सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं तिथे फोटो काढला का. यातलं मी काहीच पाहिलं नाही. जे पाहायला गेलो होतो ते मी पुण्याहून स्वतःच हातातल्या पिशवीतून नेलं होतं. तळहाताएवढी एक काच, आणि तिच्यावर अमेरिकेतल्या एका जुन्या लाकडी घराचं चित्र.

ती काच माझ्या पत्नीची, वसुधाची. वसुधा वास्तुकलेच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. फार पूर्वी हा विषय शिकवायला परदेशातून काचेच्या स्लाइड्स मागवत. अंधाऱ्या वर्गात यंत्रात एकेक काच सरकवायची आणि भिंतीवर मोठं चित्र पाडायचं. कॉलेजने इमारत बदलली तेव्हा त्या काचांची पेटी भंगारात निघाली होती. वसुधा ती रिक्षात मांडीवर घेऊन घरी आली. पेटीतली बरीचशी चित्रं अमेरिकेतल्या वसाहतकाळातल्या घरांची होती. इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेलेल्या लोकांनी पहिल्या काही पिढ्यांत बांधलेली घरं. फळ्यांच्या भिंती, मधोमध एक जाडजूड धुराडं, बारीक तावदानांच्या खिडक्या. पुढे ही घरं पडायला लागली, तेव्हा काही फोटोग्राफर मोठाले कॅमेरे घोडागाडीत घालून गावोगाव हिंडले आणि उरलेल्या घरांची चित्रं घेऊन ठेवली. त्यांच्या नकला पुण्यापर्यंत आल्या, आणि ज्यांनी जन्मात बर्फ पाहिलं नव्हतं अशा मुलांनी ती घरं पाठ करून परीक्षा दिल्या.

अशा स्लाइडमध्ये दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. कडेने काळी कागदी पट्टी असते आणि एका कोपऱ्यात कागदाची गोल टिकली. यंत्र चालवणाऱ्याने त्या टिकलीवर अंगठा ठेवून काच सरकवायची, म्हणजे चित्र उलटंपालटं पडत नाही. आपल्या हवेत त्या पट्ट्या सुटल्या होत्या, टिकल्या गळून गेल्या होत्या. वसुधाने जेवणाच्या टेबलावर एकेक काच पुसून पुन्हा बांधली, नव्या टिकल्या लावल्या. काचेला पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे ठरवावं लागतं, कारण चित्र दोन्हीकडून सारखंच स्पष्ट दिसतं. बहुतेक घरं पुस्तकांत सापडली, त्यामुळे प्रश्न आला नाही. एक मात्र कुठेच सापडेना. दारात एक माणूस उभा असलेलं, वरच्या मजल्यावरची कडेची एक खिडकी फळ्या ठोकून बंद केलेलं घर. वसुधा त्याला ‘निनावी’ म्हणायची. तिचं म्हणणं असं, की हे घर पडून गेलं, मूळ फोटोही गेला, आणि जगात त्याची ही एवढीच खूण राहिली आहे, ती आपल्या कपाटात.

दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून मुग्धा नावाच्या एका मुलीचा तिला फोन आला. मुग्धा मूळची नाशिकची, सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन करणारी. अशा काचा आशियातल्या कॉलेजांत कशा पोचल्या आणि त्यावरून कोण काय शिकलं, हा तिचा विषय. दोघींचं जमलं. पुढे प्रदर्शन ठरलं आणि मुग्धाने ‘निनावी’ मध्यभागी ठेवायचं ठरवलं. आमची दोघांची तिकिटं निघाली. कार्तिकात वसुधा वारली. फाल्गुनात मी एकटा निघालो.

सेंगकांग

चांगी विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि एका तरुण अधिकाऱ्याने मला बाजूला घेतलं. मांजरपाटाची गुंडाळी सोडून त्याने काच उजेडाकडे धरली.

“अंकल, हे काय?”

“घर आहे,” मी म्हणालो.

“तुमचं?”

“पत्नीचं.”

त्याने एकदा काचेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यापेक्षा नीट घडी घालून ती परत दिली आणि म्हणाला, “अंकल, केअरफुल हां.”

माझा भाचा समीर न्यायला आला होता. तो सेंगकांगला राहतो. तिथे सगळीकडे सरकारी वसाहतीचे उंच उंच ब्लॉक आहेत आणि त्यांच्यामधून चालकाशिवाय धावणारी छोटी गाडी फिरते. पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी बसलं की आपणच ती चालवतो आहोत असं वाटतं. मी तिथेच बसलो. समीरची मुलगी इरा, वय वर्षं आठ, माझ्या शेजारी.

“आजोबा, धिस सीट इज फॉर किड्स, लाह,” ती तिथल्या बोलीतला ‘लाह’ शेवटी लावून म्हणाली. उठवलं मात्र नाही.

समीरचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. त्याची बायको केतकी ऑफिसच्या कामाने जकार्ताला गेली होती, त्यामुळे पहिल्या रात्री आम्ही मुगाची खिचडी केली. जेवताना समीर घराचं कौतुक सांगत होता.

“मामा, हा नॉर्थ-साउथ आहे. इथे सगळे तेच शोधतात. वेस्ट सन आला की दुपारी भिंत तव्यासारखी तापते.”

“आणि दार?”

“आलात का तुम्हीपण तिथेच? आई आली तेव्हा आधी होकायंत्र काढलं तिने फोनवर. दार दक्षिणेला निघालं तर दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी दाराच्या आत गणपती लावला, मग शांत झाली.”

मला हसू आलं. माझी बहीण तशीच आहे. मी भूगोल शिकवला, त्यामुळे दिशांचं मला तसं काही वाटत नाही. पण आमचं पुण्याचं घर घेताना दार पूर्वेला आहे हे ऐकून मलाही बरं वाटलं होतं, हे समीरला सांगितलं नाही.

सकाळी खाली फिरायला गेलो. इमारतीचा तळमजला मोकळाच ठेवलेला असतो, नुसते खांब आणि बाकं. तिथे म्हातारी माणसं बसतात, वाढदिवस होतात, लग्नं होतात, आणि एखादा गेला की तिथेच कापडं लावून त्याला ठेवतात. समोरच्या ब्लॉकखाली तसा पांढरा मांडव होता. टेबलावर शेंगदाणे, संत्री, कागदी पेले, आणि माणसं चक्क पत्ते खेळत बसलेली. मेलेल्याला एकटं सोडायचं नाही म्हणून रात्रभर जागायचं आणि जागायचं म्हणून खेळायचं, असं समीरने नंतर सांगितलं. आपल्याकडे सगळं तासाभरात आटपतं. वसुधाला मी सकाळी पाहिलं आणि दुपारी ती नव्हती. पत्ते खेळत का होईना, एक रात्र तिच्याजवळ बसायला मिळायला हवं होतं.

बुओना व्हिस्टा

मुग्धा स्टेशनच्या पायऱ्यांशी उभी होती. उंच, चष्मा, पाठीवर सॅक. वाकून नमस्कार केला आणि मग काय बोलावं ते तिला कळेना. तिच्याशी रोज बोलणारी बाई वसुधा होती, मी मागे कुठेतरी ‘चहा झाला का’ विचारणारा आवाज होतो.

तिची संस्था काचेच्या मोठमोठ्या ऑफिसांच्या मध्ये, तळमजल्यावर. एका लांबट खोलीत प्रदर्शनाची तयारी चालली होती. भिंतीवर रंगूनच्या एका कॉलेजातल्या काचांच्या मोठ्या प्रती, त्यांत पुन्हा तीच घरं. फळ्यांच्या भिंती, धुराडं. मला जुने शेजारी भेटल्यासारखं झालं. त्यांतली दोनतीन नावं मी ओळखली, इतकी ती आमच्या टेबलावर पडून असायची.

प्रदर्शनाची सगळी मांडणी मिस गोह नावाच्या बाईंकडे होती. पन्नाशीच्या, कापलेले केस, गळ्यात भिंग. त्यांनी हातमोजे घालून काच घेतली, उजेडाच्या टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या टिकलीकडे बोट केलं. “हे मॅडमनी लावलं?”

“हो.”

“नीट काम. माझी माणसं एवढं नीट करत नाहीत.”

टेबलाच्या कडेला मजकुराचा छापलेला कागद पडला होता. ‘अज्ञात घर. एकमेव ज्ञात प्रत. शोध आणि जतन,’ आणि खाली वसुधाचं पूर्ण नाव. इंग्रजीत तिचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांनी शोधलेल्या गोष्टी शिकवल्या. पुस्तक लिहिलं नाही, पदाच्या मागे लागली नाही. ही एक गोष्ट तिची स्वतःची होती. मी तो कागद खिशात ठेवू का, असं विचारणार होतो, तेवढ्यात मुग्धाने तो उचलला.

“हा कच्चा आहे, काका. बदलायचाय थोडा.”

“काय बदलायचंय?”

“आहे थोडं.” तिने कागद फाइलमध्ये ठेवला. “मंगळवारपर्यंत पक्का करायचाय. रविवारी भेटू या का निवांत? ईस्ट कोस्टला? समीरदादांनाही घेऊन या.”

मला वाटलं, स्पेलिंग वगैरे असेल. वसुधाच्या नावातला ‘व’ लोक हवा तसा लिहितात.

ईस्ट कोस्ट

रविवारी अर्धं सिंगापूर त्या किनाऱ्यावर असतं. सायकली, कुत्री, तंबू ठोकून झोपलेली कुटुंबं. वाळू स्वच्छ, समुद्र मात्र कोकणातल्यासारखा नाही. लाट अशी येतच नाही, आणि क्षितिजावर जहाजं रांगेने उभी, एखाद्या नाक्यावर ट्रक थांबावेत तशी. पर्जन्यवृक्षांची सावली दाट होती. एक वाजून गेला होता आणि माझी सावली माझ्या पायाखाली गोळा झाली होती. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, त्यातून मार्च. इथे सूर्य कधी उत्तरेकडून जातो, कधी दक्षिणेकडून. घराला इथे पुढची बाजू कुठली ठरवायची, असं मी समीरला म्हणालो. तो म्हणाला, “मामा, इथे एसीला पुढची बाजू असते.”

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या आवारात, जागा मिळेना. एक टेबल रिकामं दिसलं. त्यावर कुणीतरी टिश्यूचं छोटं पाकीट विसरलं होतं. मी ते उचललं आणि शेजारच्या टेबलावर विचारायला लागलो, हे तुमचं का, हे तुमचं का. इरा धावत आली.

“आजोबा, नो! दॅट्स चोप! समबडी इज सिटिंग देअर!”

समीर हसून बेजार. ज्या टेबलावर टिश्यूचं पाकीट, ते टेबल धरलेलं. माणूस जेवण आणायला गेला आहे. मी म्हणालो, अरे, मग आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तेच की. फरक एवढाच, की रुमालावर भांडण होतं. इथे त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. मी पाकीट होतं तिथे, होतं त्याच कोनात ठेवलं. त्या टेबलाचा म्हातारा मालक हातात वाडगा घेऊन आला, त्याने सगळं पाहिलं होतं. “सिट, सिट,” म्हणाला, आणि स्वतः कडेला सरकला. त्यामुळे आम्ही त्याच्याच टेबलावर जेवलो.

मुग्धा शाकाहारी शेवया घेऊन आली, सोबत तिखट, आंबूस मिरचीचं पाणी. नंतर इरासाठी बर्फाचा डोंगर आला. रंगीत पाक, खाली राजम्यासारखे दाणे, मक्याचे दाणे. गोळ्यात मका घालणारी माणसं मी प्रथमच पाहिली. चांगला लागतो.

मुग्धाने शेवया नुसत्या चिवडल्या. मग म्हणाली, “काका, मला तुम्हाला एक दाखवायचंय. आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.”

तिने फोनवर एक चित्र उघडलं. अमेरिकेतल्या एका संग्रहातलं, जुन्या घरांच्या पाहणीतलं. फळ्यांच्या भिंती, मधोमध धुराडं, वरच्या रांगेत कडेची एक खिडकी बंद. खाली गावाचं नाव, घराचं नाव, बांधणाऱ्याचं नाव.

“हे वेगळं आहे,” मी म्हणालो. “याची बंद खिडकी डावीकडे आहे. आपल्या घराची उजवीकडे.”

मुग्धाने बोटाने चित्र आरशातल्यासारखं फिरवलं. खिडकी उजवीकडे गेली. दारापुढची दगडी पायरी, कुंपणाचा मोडलेला खांब, धुराड्याची तुटकी कड, सगळं जागच्या जागी येऊन बसलं.

इरा बर्फ खाता खाता वाकून पाहत होती. “सेम हाउस, लाह. जस्ट फ्लिप ओन्ली.”

“इरा, गप,” समीर म्हणाला.

“कधी कळलं तुला?” मी विचारलं.

“दहाएक दिवस झाले. दुसऱ्याच काचेचं शोधत होते. काका, हे घर अगदी माहितीतलं आहे. अजून उभं आहे. लोक तिकीट काढून बघायला जातात.” ती चष्मा पुसत होती. “मॅडमची टिकली उलट्या बाजूला लागलीये. म्हणून त्यांना ते कधी सापडलं नाही. मीही त्यांच्याच बाजूने बघत राहिले, म्हणून मलाही नाही.”

“दोन घरं असू शकतात,” मी म्हणालो. “एकाच सुताराने बांधलेली. एक सरळ, एक उलटं. आपल्याकडे रो-हाउस बांधतात तशी.”

“असू शकतात,” ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे कळत होतं.

मग फोन पालथा ठेवून म्हणाली, “मी मिस गोहना बोललेले नाही. घराचं नावच लिहायचं नाही, असं करता येईल. ‘पुण्याहून आलेली काच, जतन अमुक यांचं.’ खोटं काहीच लिहायचं नाही. फक्त हे लिहायचं नाही. तुम्ही म्हणाल तसं करू.”

समीर लगेच म्हणाला, “तेच करा ना. मामीचं नाव राहील. कोण तपासायला जातंय?”

म्हातारा मालक जेवून उठला. जाताना टिश्यूचं पाकीट त्याने माझ्यापुढे सरकवलं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मला त्याची गरज होती.

पुन्हा सेंगकांग

सोमवारी समीर कामाला, इरा शाळेत. मी खालच्या बाकावर बसून राहिलो. समोरचा पांढरा मांडव काढून नेला होता, फरशी धुतलेली होती.

टिकली उलटी कशी लागली, याचा मी विचार करत होतो. वसुधा अंदाजाने काही करणारी नव्हती. एका वस्तुसंग्रहालयात खांबाखालची पाटी चुकीची आहे म्हणून ती अधिकारी येईपर्यंत तासभर त्या खांबाशी उभी राहिली होती, आणि मी बाहेर पायऱ्यांवर. विद्यार्थी म्हणाला ‘मॅडम, मला वाटलं’, तर ती म्हणायची, ‘वाटलं ते घरी. इथे कशावरून ते सांग.’ मग हिने कशावरून ठरवलं असेल?

आणि मला ती सकाळ आठवली. मी पेपर वाचत होतो. ती काच खिडकीशी धरून उभी होती.

“अहो, बेचाळीस अंश उत्तरेला, घराचं तोंड पूर्वेला, सकाळची वेळ. समोर उभं राहिलं तर ऊन कुठल्या बाजूने येईल?”

“डावीकडून,” मी पेपरातून मान न काढता म्हणालो. “तिथे सूर्य दक्षिणेकडे कललेला. पूर्वाभिमुख घरासमोर आपण पश्चिमेकडे तोंड करून उभे. दक्षिण डावीकडे.”

“नेहमीच?”

“उन्हाळ्यातली पहाट सोडली तर नेहमीच.”

“मग सावल्या उजवीकडे पडल्या पाहिजेत,” ती म्हणाली, आणि काच फिरवली, आणि टिकली लावली.

माझं उत्तर बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच देईन. घराचं तोंड पूर्वेला कशावरून, हे मात्र मी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नसावं. घराचं तोंड पूर्वेलाच असतं, सकाळचं ऊन दारात यायचंच असतं, उंबरठ्यावर रांगोळी असते त्या वेळेला. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत ‘कशावरून’ विचारणाऱ्या बाईला इथे प्रश्नच पडला नाही, कारण तो प्रश्न आहे असं आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मुग्धाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “ती जुनी घरं मुद्दाम दक्षिणेकडे तोंड करून बांधायचे, काका. थंडी फार. दिवसभर समोरून ऊन मिळावं म्हणून.” मग हळूच म्हणाली, “मलाही आधी माहीत नव्हतं. नाशिकला आमचंही दार पूर्वेलाच आहे.”

दक्षिणेकडे तोंड म्हणजे आपण उत्तरेकडे पाहत उभे. पूर्व उजवीकडे. सकाळचं ऊन उजवीकडून. काच जशी मुळात होती तशी.

एखाद्या संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसलो असतो, तर कदाचित विचारलं असतं. कदाचित नसतंही. ती त्या टेबलावर बसायची आणि मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत. दोघंही सुखात होतो. त्या सुखाचीच आता हळहळ वाटते. मध्ये एक भिंत होती आणि दोन्हीकडे वाचन चाललं होतं.

बुओना व्हिस्टा, मंगळवार

तरीही मी एक आशा घेऊन गेलो. दोन घरं असू शकतात. मिस गोहकडे भिंग मागितलं आणि उजेडाच्या टेबलावर वाकलो.

घराकडे मी पाहिलंच नाही. दारातल्या माणसाकडे पाहिलं. आजवर तो मला नुसता एक ठिपका होता. भिंगाखाली त्याला दाढी आली, हातात टोपी आली. कोटाचं वरचं एकच बटण लावलेलं, खाली कोट उघडा, त्यामुळे वर आलेली कड स्पष्ट दिसत होती. उजवी बाजू डावीवर. मी सरळ उभा राहिलो आणि माझ्या शर्टाकडे पाहिलं. डावी बाजू उजवीवर. पुन्हा वाकलो. मुग्धा शेजारी येऊन उभी राहिली. मी भिंग तिच्या हातात दिलं आणि माझ्या बटणावर बोट ठेवलं.

तिने पाहिलं. मग नुसतं “हो” म्हणाली.

एक घर उलटं बांधता येतं. कोट उलटा शिवून घालणारा पुरुष सापडणं अवघड.

“घराचं नाव लिही,” मी म्हणालो. “गावाचं, बांधणाऱ्याचं, सगळं. एकमेव प्रत वगैरे काढून टाक.”

“काका, नक्की?”

“ती पाटी चुकीची ठेवली तर ती इथे येऊन उभी राहील. अधिकारी येईपर्यंत हलणार नाही.”

मुग्धा हसली आणि मग तिला चष्मा काढावा लागला.

मिस गोहना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “ओके. मग मी काच फिरवते. टिकली काढून बरोबर कोपऱ्यात लावते.”

“टिकली काढू नका,” मी म्हणालो.

“पण ती चूक आहे.”

“चूक आहे. तिने लावली आहे.”

मला काय हवं आहे ते मलाच बोलता बोलता कळत गेलं. “तुम्ही ती अशी आडवी टेबलावर ठेवणार. त्याऐवजी उभी ठेवता येईल? खोलीच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी माणसाला जाता येईल अशी? काचच आहे. दोन्हीकडून दिसते.”

“मजकूर?”

“एकाच बाजूला. बरोबर बाजूला.”

“आणि दुसऱ्या बाजूला?”

“काही नको.”

“लोक विचारतील.”

“विचारू देत.”

मिस गोहनी हाताने हवेत उंची मोजली, दिवा कुठून येईल ते पाहिलं, आणि त्या देशात ज्या एका शब्दात बरीच कामं होतात तो शब्द म्हणाल्या. “कॅन.”

उद्घाटन

शुक्रवारी संध्याकाळी खोली भरली. विद्यापीठातली मुलं, काही वास्तुरचनाकार, पुण्यामुंबईकडची चारपाच मराठी कुटुंबं, मुग्धाने बोलावलेली. समीर, इरा, जकार्ताहून आलेली केतकी. केतकीने बाकरवडी आणली होती, ती स्थानिक मंडळींनी मिटक्या मारत संपवली. एक तरुण मला म्हणाला, “अंकल, व्हेरी शिओक.” इराने भाषांतर केलं, “म्हणजे मस्त.”

खोलीच्या मधोमध लाकडी खाचेत ती काच उभी होती. दोन्हीकडून मऊ, सारखा उजेड. मजकूर पुढच्या बाजूला. घराचं नाव, गावाचं नाव, आणि सगळ्यात खाली, ‘पुण्यात नव्याने बांधलेली,’ पुढे वसुधाचं नाव. लहान अक्षरांत. माणसं रांगेने येत, वाकून घर पाहत, वाचत, पुढे सरकत. खिडकी डावीकडे, ऊन उजवीकडून, कोट पुरुषाचा. कोपऱ्यातली टिकली भलत्याच जागी आहे हे एकदोघांना दिसलं. त्यांनी मुग्धाला विचारलं. तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण सांगायला तिला बराच वेळ लागला.

इरा माझा हात ओढत होती. “आजोबा, कम, एव्हरीबडी लुकिंग धिस साइड.”

“तू हो पुढे,” मी म्हणालो.

मी काचेला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. तिथे कुणीच नव्हतं. टिकली अंगठ्यासमोर आली, जिथे तिला हवी होती तिथे. काचेतून पलीकडच्या माणसांचे चेहरे पुसट दिसत होते आणि त्यांच्यापुढे ते घर उभं होतं. सकाळ होती, दार पूर्वेला होतं, आणि उजेड डावीकडून येत होता.